काचेतल्या बायांची सुट्टी

दुपारी जेवायच्या वेळेला साड्या नेसवणारे काका दुकानातल्या सगळ्या पुतळ्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवत.

कामावरच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि मला वाटलं, मागून पिना लावायच्या असतील. पण पिना नव्हत्या की सुई-दोरा नव्हता. एकेकीला दोन्ही खांद्यांना धरायचं, आजारी माणसाला कूस बदलून द्यावी तसं हळूच वळवायचं, आणि सगळ्या वळल्या की स्वतःचा डबा घेऊन जिन्याखाली बसायचं. रस्त्यावरून काचेत पाहणाऱ्याला साड्या नेसलेल्या, पाठमोऱ्या बायांची एक रांग दिसायची. मी विचारलं, "काका, हे काय?"

"जेवून राह्यल्या त्या," काका म्हणाले. "जेवताना लोकायनं तोंडाकडे पाह्यलं त बरं दिसते का?"

मी हसले. दुकानातलं दुसरं कोणीच हसलं नाही, तेव्हा मीही गप्प झाले.

दुकान वर्ध्याच्या बाजारात होतं. खाली साड्या, वरच्या मजल्यावर ड्रेस मटेरियल आणि ब्लाउज पीस. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कामाला लागले; ही गोष्ट शेवटच्या वर्षाची. गाव आर्वीकडचं, खोली बोरगाव मेघेत. सकाळी कॉलेज, तिथून थेट दुकान, आणि शटर पडलं की खोलीवर. खोलीत माझ्यासोबत राहणारी मैत्रीणही त्याच दुकानात, खालच्या मजल्यावर होती. खरं म्हणजे दुकानातल्या झाडून सगळ्या पोरी कॉलेजच्या होत्या. शेठला तशाच लागायच्या. "पढ़नेवाली पोरगी इमानदार राहते," असं ते गिऱ्हाइकांनाही अभिमानाने सांगत. आम्हाला मात्र ते कधी कामगार म्हणत नसत. आम्ही 'ट्रेनिंगवर' होतो. दोन-दोन वर्षं ट्रेनिंग चालायचं आणि कोणी कधी पास व्हायचं नाही.

या ट्रेनिंगमध्ये शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे उभं राहणं. दुकानाचं मरून रंगाचं जाकीट घालायचं आणि काउंटरमागे उभं राहायचं. स्टूल नव्हतं. भिंतीला टेकलं की छतावरच्या कॅमेऱ्यातून शेठना दिसायचं, आणि त्या कॅमेऱ्याला बोलायचीही सोय होती. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात एकदम वरून आवाज यायचा, "ए, सीधी खडी रह!" नव्या गिऱ्हाईक बाया दचकून छताकडे पाहायच्या. डबा काउंटरखाली ठेवून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाकून एकेक घास खायचा. लग्नसराईत आठवड्याची सुट्टीही बंद. थोडक्यात, त्या दुकानात जेवणाची सुट्टी फक्त पुतळ्यांना होती.

बाकी सगळे त्यांना डमी म्हणत. काका म्हणत, "आपल्या बाया."

शेठनी हे सगळं का चालवून घेतलं, याचं कारण काकांची बोटं. त्यांच्यासारखी साडी नेसवणारा माणूस वर्ध्यात दुसरा नव्हता. देवळी-पुलगावच्या नवऱ्या मुली काचेसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "मले ह्या बाईवरची पाह्यजे," आणि तीच साडी घेऊन जायच्या. घरी गेल्यावर ती तशी दिसायची नाही, तो भाग वेगळा. काका बारीक अंगाचे, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, कॉलरला पिनांची रांग. चपला दारात काढून अनवाणी फिरायचे, त्यामुळे ते कधी मागे येऊन उभे राहिले हे कळायचंच नाही. बोलायचे अगदी हळू. साडी बदलताना पुतळ्याभोवती पडदा ओढायचे, आणि पडद्याआड जाण्याआधी खाकरायचे. दरवेळी खाकरायचे. आत एक फायबरची बाई उभी आहे हे मला पक्कं ठाऊक असायचं, तरी ते खाकरले की मीसुद्धा क्षणभर कान द्यायची, आतून काही उत्तर येतं का म्हणून.

सराई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. बाजार बंदचा दिवस होता आणि माझं कॉस्टिंगचं पुस्तक दुकानात राहिलं होतं. किल्ली काकांकडे असते हे माहीत होतं, आणि ते सुट्टीच्या दिवशीही पवनारहून बसने येतात हेही ऐकलं होतं. शटर अर्धं उघडं होतं. मी वाकून आत गेले, वर चढले, आणि गोडाऊनच्या दारातच थांबले. आत जमिनीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यांवर ओळीने सगळ्या निजवलेल्या, गळ्यापर्यंत पांढऱ्या चादरी. पंखा चालू होता. एका चादरीची कड पंख्याच्या वाऱ्याने वर व्हायची, खाली बसायची. मी तिच्या छातीकडे पाहत राहिले आणि मला स्वतःला श्वास घेता येईना.

दाराशी काका बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल वं. आत्ताच डोया लागला त्याइचा."

मी पुस्तक न घेताच जिना उतरले. बोरगावपर्यंत पायी गेले, ऑटोचं भानही राहिलं नाही. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "डोक्यावर परिणाम आहे त्याच्या. त्या चादरी धाम नदीच्या काठावर धुऊन खडकांवर वाळत घालतो, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. त्यानंतर कधी नागपूरला जाताना पवनारच्या पुलावरून बस गेली की मी नदीकडे पाहायची, आणि चादरी दिसल्या तरी भीती वाटायची, नाही दिसल्या तरी.

पण भीती रोजच्या सवयीची झाली की माणूस प्रश्न विचारायला लागतो. एका दुपारी वीज गेली होती. गिऱ्हाईक नव्हतं, कॅमेरा बंद होता, म्हणून मी चक्क जिन्याच्या पायरीवर बसले होते. काका बाजूला उभे होते. पाठमोऱ्या बाया अंधारात आणखीच खऱ्या वाटत होत्या.

"काका, तुम्हाला खरंच वाटतं, त्या थकतात?"

ते म्हणाले, "मी पह्यले दुसऱ्या दुकानात होतो. तुह्यासारखीच एक पोरगी होती तेथ. कालेजात शिके. सेल लागला होता, लय गर्दी. दिवसभर उभी होती ते. अन् पडली."

"मग?"

"पुतळ्यायच्या मधात पडली ना. लोकायले वाटलं, पुतळा पडला. कोनी उचललं नाई. बाया तिच्यावरून पाय टाकून जाऊन राह्यल्या होत्या. मीबी पाह्यलं. मले वाटलं, गर्दी सरली का उचलतो."

मी विचारलं, "वाचली?"

"दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं," काका म्हणाले. त्याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही. पिना चाचपत ते निघाले आणि जाता जाता म्हणाले, "तेव्हापासून मी फरकच करत नाई बाप्पा. पुतळ्याले पोरगी समजलं त काय बिघडते? पोरीले पुतळा समजलं का बिघडते."

त्या दिवसापासून मी त्यांना वेडं म्हणणं सोडून दिलं. भीती मात्र गेली नाही. उलट पुतळ्यांकडे पाहिलं की मला आधी त्यांच्या पायांकडेच पाहावंसं वाटायचं.

माझे पेपर ऐन लग्नसराईत आले. पहिलाच पेपर दुपारचा, आणि त्याच दिवशी दुकानात एका लग्नाचा मोठा बस्ता येणार होता. मी शेठना आठवडाभर आधी सांगितलं. ते मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "बेटा, पेपर तर दर सहा महिन्यांनी येतो. सीझन एकदाच येतो. जायचं तर जा, पण मग परत येऊ नको." पेपर चुकला तर वर्ष जाणार, नोकरी गेली तर खोली जाणार आणि बाकीचे पेपर गावाहून देणं अशक्य. आर्वीकडून सकाळची बस कधी येते आणि कधी येत नाही हे सांगायची गरज नाही. मी गोडाऊनमध्ये जाऊन मनसोक्त रडले. पडद्याआडून खाकरण्याचा आवाज आला.

"काऊन रडून राह्यली वं?"

मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू जा पेपरले. तुह्या जागी मी करतो कोनीतरी उभी. जाकीट ठेवून जाजो."

मला वाटलं, शेजारपाजारची एखादी मुलगी आणणार असतील. मी जाकीट ठेवलं आणि निर्धास्तपणे पेपरला गेले. पेपर छान गेला.

दुकानात काय झालं ते मला संध्याकाळी मैत्रिणीने सांगितलं. काकांनी सकाळीच काचेतली एक बाई वर नेली होती. तिला माझं जाकीट घातलं, माझ्यासारखी एक वेणी घातली, तोंडाला धुळीसाठी आम्ही बांधतो तसा स्कार्फ बांधला, आणि माझ्या काउंटरमागे उभी केली. मान किंचित डावीकडे, कारण मी थकले की तशी उभी राहते. हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. शेठ खरेदीसाठी नागपूरला गेले होते आणि मोबाईलवर कॅमेरा पाहत होते. त्यांनी फोन करून मैत्रिणीला सांगितलं, "वरच्या पोरीकडून शिका जरा. किती छान उभी आहे आज. ना मोबाईल, ना टेकणं." मैत्रीण म्हणाली, त्या वेळी तिला हसू आवरत नव्हतं.

सगळं निभलं असतं. पण जेवायची वेळ झाली.

काकांनी खालच्या सगळ्या बाया वळवल्या. मग ते वर गेले आणि त्या जाकीटवालीचंही तोंड भिंतीकडे करून आले. तिलाच तेवढी उपाशी ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नागपूरला शेठनी पाहिलं, पोरगी गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभी. छतावरून आवाज आला, "ए लडकी! इधर देख!" पोरगी हलली नाही. "बहरी है क्या? पलट!" बस्त्याला आलेल्या बाया हातातली कापडं सोडून गोळा झाल्या. वरून माणूस न दिसता ओरडणं चाललेलं, आणि खाली वेणीवाली पाठमोरी पोरगी ढिम्म. एका म्हातारीने घाबरत घाबरत तिच्या खांद्याला हात लावला आणि किंकाळी फोडली. मैत्रीण हे सांगताना हसायला लागली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "खरं सांगू? तो ओरडत होता ना, तेव्हा मला वाटलं, ही आता वळणार."

दुसऱ्या दिवशी शेठनी मला दारातूनच परत पाठवलं. काकांना ते काढू शकत नव्हते, ऐन सराईत साड्या कोण नेसवणार? मी म्हटलं, दोन वर्षं काम केलं आहे, असं कसं काढता? ते शांतपणे म्हणाले, "काम? कुठं लिहिलंय? तू इथं कामाला होती याचा पुरावा काय?"

खरंच, काही नव्हतं. नेमणुकीचा कागद नाही, ओळखपत्र नाही. जाकीटही दुकानाचं. मी दोन वर्षं जिथे उभी होते तिथे मी नव्हतेच, असं तो माणूस माझ्या तोंडावर सांगत होता, आणि ऐकता ऐकता मलाच माझे हातपाय परके वाटायला लागले. पण मग राग आला, आणि तो फार उपयोगी पडला. कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, कामगार कार्यालयात तक्रार दे. मी दिली. साक्षीला कोण येणार? मैत्रिणीला मी विचारलंच नाही. खोलीचं भाडं भरायला आमच्यातल्या एकीची तरी नोकरी टिकायला हवी होती. काका न विचारता आले.

कार्यालयातल्या अधिकारी बाई आमच्या आईच्या वयाच्या होत्या. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हसतमुख. "मॅडम, या कॉलेजच्या पोरी येतात, दुकानदारी शिकतात, जातात. कामाला कोणीच नाही." मी काकांकडे बोट दाखवून म्हटलं, "हे रोज पाहत होते मला."

शेठ आणखीच हसले. "यांना विचारा ना, मॅडम. आधी हे विचारा, दुकानातले पुतळे दुपारी काय करतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय करतात?"

काकांच्या आधी शेठच बोलले, "जेवतात! आणि सुट्टीच्या दिवशी झोपतात. हा साक्षीदार."

बाईंनी काकांकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "काका, पुतळ्यांना भूक लागते? ते थकतात? असं वाटतं तुम्हाला?"

काकांनी 'हो' म्हटलं की त्यांच्या शब्दाला किंमत उरणार नव्हती, आणि माझी खोली, माझे पेपर, सगळं त्यांच्या त्या एका शब्दावर होतं. त्यांच्याकडे पाहायची मला हिंमत झाली नाही. त्यांच्या पायांकडे पाहिलं. कार्यालयातही ते चपला दाराबाहेर काढून आले होते.

"नाई, मॅडम," काका म्हणाले. "पुतळे आहे ते. फायबरचे. त्याइले भूक नसते. त्याइचे पाय दुखत नाई."

"मग वळवून का ठेवता?"

"धूळ बसते तोंडावर." एकेक शब्द ते रुतलेली पिन काढावी तसा काढत होते. "ही पोरगी जित्ती आहे. कालेज सुटलं का दुकान बंद होईपर्यंत वरच्या काउंटरले उभी राह्यते. हिचे पाय सुजते. म्या डोयानं पाह्यलं."

शेठचं हसू गेलं. बाई म्हणाल्या, "शिकत असली तरी काम करते तोवर ती कामगारच आहे. ट्रेनिंग म्हणून कायदा टळत नाही. ओळखपत्र द्यावं लागेल, मधली विश्रांती द्यावी लागेल, आठवड्याची सुट्टी सराईतही द्यावी लागेल. आणि किरकोळ रजा तिचा हक्क आहे. पेपरला ती मागितली तर ते उपकार नाहीत. उद्या मी स्वतः दुकानात येते आणि पोरींना एकेकटीला विचारते. तुम्ही बाहेर थांबायचं." एवढं ऐकल्यावर शेठना मी एकदम ओळखू यायला लागले. मला परत घेतो असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं.

बाहेर आल्यावर मला काकांच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण त्यांचा चेहरा पाहून मी जागीच थांबले. ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

"मी आत बोललो ते," ते अगदी हळू म्हणाले, "त्याइले कोनी सांगन तर नाई ना?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, 'त्याइले' म्हणजे काचेतल्या बायांना. "नाही काका. कोण सांगणार?"

"शेठ होता ना तेथ. तो सांगन."

ते पवनारच्या बसमध्ये बसले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आम्हाला सगळं मिळालं. गळ्यात ओळखपत्रं आली, काउंटरमागे स्टुलं आली. उरलेल्या पेपरांना मी रजा लिहून दिली आणि शेठनी दात-ओठ खात सही केली. दुपारी दुकानात आमची जेवायची सुट्टी झाली. पहिल्या दिवशी आम्ही पोरी स्टुलं ओढून गोल करून बसलो, डबे उघडले, आणि कोणाच्याच तोंडात घास जाईना. काचेतल्या सगळ्या बाया उभ्या होत्या. त्यांना वळवायला कोणी नव्हतं. काच रस्त्याकडे, पण त्यांच्या माना अशा की वाटावं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमच्याकडेच बघतायत. शेवटी माझी ती मैत्रीणच उठली, काकांना वेडं म्हणणारी. तिने जवळच्या बाईला खांद्यांना धरलं आणि भिंतीकडे वळवलं. मग दुसरीला. परत येऊन बसली, आणि कोणाकडे न पाहता जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, मी दुकान उघडायच्या वेळेलाच गेले. झाडणारा माणूस बाहेर पाणी मारत होता. मी काचेत शिरले आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले. आधी खाकरले. मग सांगितलं की काका खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले, नाहीतर माझं वर्ष गेलं असतं. त्यांना तसं वाटत नाही, कधीच वाटलं नाही. मी बी.कॉम.ची पोरगी, पुतळ्यांपुढे उभी राहून माफी मागत होते, आणि मला त्याचं हसू येत नव्हतं.

तिथूनच मी पवनारची बस धरली. काका अंगणातल्या बाजेवर बसून पांढऱ्या चादरींच्या घड्या घालत होते. दाढी वाढली होती. मला पाहून बाजेवर सरकले.

"काका, चला ना दुकानात."

"कोन्या तोंडानं येऊ?"

"मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं. का बोललात तेही."

त्यांचे हात थांबले. "मंग? काय म्हटलं त्याइनं?"

हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "या म्हणाल्या."

"कोन म्हटलं?"

एखादी कुठलीतरी निवडून सांगावी, असं मनात आलं. पण मी निवडायच्या आतच तोंडातून गेलं, "जिन्यापाशीची."

"ती?" काकांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "ती त कधी बोलत नाई."

"मला म्हणाली," मी म्हणाले. माझ्या दोन्ही हातांवर शहारे उभे राहिले होते, कारण मी ते बनवून सांगत होते की नाही, हे मला त्या वेळी ठरवता येत नव्हतं.

काकांनी चादरीची घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि हाताने दाबून बसवली.

"तिनं म्हटलं असन त आलंच पाह्यजे मले," ते म्हणाले, आणि बाजेखाली चपला शोधायला वाकले.